चार शिंगांचा राउटर आणि नानासोंचा कोबा

मी राउटर. पलूसमधल्या एका पशुखाद्याच्या दुकानात, काउंटरमागच्या फळीवर बसून ही हकिगत सांगतो आहे. सांगतो आहे, हे आपलं म्हणायचं म्हणून. मला तोंड नाही. डोक्यावर चार शिंगं आहेत, पाठीला पाच भोकं आहेत आणि पुढच्या बाजूला हिरवे डोळे आहेत. काही दुखलंखुपलं की त्यातला एक डोळा लाल होतो. यापलीकडे मला काही बोलता येत नाही, आणि माझ्या आयुष्यातला सगळा घोळ त्यातूनच झाला. ‘मुकी बिचारी कुणीही हाका’ असं लोक गाईगुरांबद्दल म्हणतात. ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं राउटर पाहिलेला नसणार.

माझा जन्म कुठं झाला ते खोक्यावर बाहेरून छापलेलं होतं, आणि मी आत होतो. त्यामुळे माझं जन्मगाव मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते सांगलीत, कॉम्प्युटरच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात. माझ्या एका बाजूला दोन शिंगांचा राउटर होता, दुसऱ्या बाजूला एक बिनशिंगी डबा. आमच्यात शिंगांवरून मान ठरतो, म्हणून त्या दोघांशी मी फारसा बोलत नसे. म्हशीची शिंगं म्हशीला जड होत नाहीत म्हणतात, मला तर ती भूषणच वाटत.

एके दिवशी दुकानात एक ताठ म्हातारा आला. पांढऱ्या मिशा, पायात पॉलिश केलेले बूट, खांद्यावर टॉवेल. हे नानासो. फौजेतून रिटायर झालेले, सिग्नल रेजिमेंटचे. गावी येऊन त्यांनी वडिलांच्या नावानं ‘नाथाजी पशुखाद्य भांडार’ काढलं आणि चांगलं नावारूपाला आणलं. बरोबर त्यांची सून समीक्षा होती. तिचा नवरा इंद्रजितही फौजेतच, तिकडं सीमेवर. समीक्षा साताऱ्यात कॉम्प्युटर शिकलेली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या.

“साहेब,” नानासो दुकानदाराला म्हणाले, “सुनंचा हट्ट हाय. दुकानाचं कॉम्प्युटर आन गोदामाचं कॉम्प्युटर जोडायचं म्हनती. म्या म्हनलं, जोड. दिवाळीपतोर समदं नीट चाललं तर माझ्या गल्ल्यावर तू बस. न्हाई चाललं तर पुतण्या बसंल. राजवर्धन तयारच हाय.”

 समीक्षानं हातातली पर्स घट्ट धरली, ते मला काचेतून दिसलं. ती गल्ल्याची खुर्ची तिला किती हवी होती ते मला तेव्हाच कळलं. घरातली भाकरी-भाजी तिला येत होती, पण तिचा जीव दुकानात होता.

दुकानदारानं विचारलं, अंतर किती, मध्ये काय आहे? समीक्षानं नीट सांगितलं. पुढं दुकान, मध्ये ट्रक वळायचं आवार, पलीकडं लांबलचक गोदाम. गोदामाचं मोठं दार मागच्या रस्त्याला उघडतं आणि माल देणाऱ्या माणसाचं टेबल त्या दारापाशी असतं. दुकानदार म्हणाला, “मग इथून तिथपर्यंत केबल टाका. दुकानात हा दोन शिंगांचा पुरे, आणि गोदामात हा छोटा डबा लावा. काम पक्कं होईल.”

“तार?” नानासोंचा आवाज चढला. “आवं, जल्मभर तारा वडल्या म्या! डोंगरात वडल्या, बर्फात वडल्या. आता रिटायर झाल्यावर बी तारच? बिनतारी दावा. आन दुसरं सांगतो, माझा कोबा फोडायचा न्हाई.”

हा कोबा म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आवारात पूर्वी चिखल व्हायचा, ट्रक रुतायचे. नानासोंनी गेल्या उन्हाळ्यात तिथं सिमेंटचा कोबा करून घेतला. इतका गुळगुळीत की पलूसमधली माणसं मुद्दाम बघून गेली. रोज सकाळी तो ते स्वतः झाडायचे. त्यांच्या बायकोला, हरणाबाईंना, त्यावर मिरच्या वाळत घालायचीही परवानगी नव्हती. केबल टाकायची तर त्या कोब्याला चर पाडावी लागणार होती, म्हणजे विषयच संपला.

मग नानासोंची नजर माझ्यावर पडली. “ह्यो काढा बरं. चार शिंगाचा.”

मला बाहेर काढलं. नानासोंनी मला तळहातावर तोललं, उलटं केलं, शिंगं हलवून पाहिली आणि वय ठरवायला बैलाचे दात मोजावेत तशी पाठीची भोकं मोजली. “पाच दाती? दोन दाती बघितलाय, चार दाती बघितलाय. असलं जनावर पयल्यांदाच बघतोय.” मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी दुकानदाराच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरली. खरसुंडीच्या बैलबाजारात असाच सौदा होतो. किती बोटं दाबली त्यावरून किंमत समजायची, आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. पण सांगलीच्या त्या पोरसवदा दुकानदाराला हे कुठून ठाऊक असणार! तो घाबरून म्हणाला, “काका, मला बीपी नाही. मागच्या महिन्यातच तपासलंय.”

समीक्षानं कपाळाला हात लावला. नानासो मात्र बोटं सोडेनात. शेवटी सौदा झाला, आणि मी चार शिंगं उंच करून पलूसला निघालो. बिनशिंगी डब्याकडं मी वळूनही पाहिलं नाही.

मी येण्याआधी त्या दुकानाचं नेटवर्क म्हणजे नानासोंचा गळा होता. काउंटरवर बिल झालं की ते मागच्या खिडकीतून ओरडत, “धुळाऽऽ! दोन सरकी, येक गोळी पेंड!” आणि गोदामाच्या टोकाला असलेला धुळा तिकडून “व्हयऽऽ” म्हणून पोती काढत असे. धुळा आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मोकळ्या माळावर हाका ऐकून वाढलेला, म्हणून त्याला त्या ऐकू जात. पण ट्रकनं हॉर्न दिला की सरकीची गोळी व्हायची आणि दोनाची तीन. हेही बिनतारीच होतं म्हणा.

श्रावणात सिद्धू नावाचा फिटर सांगलीहून मला बसवायला आला. पावसाळ्यात रानात हिरवा चारा असतो, पेंडीला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे गोदाम रिकामं होतं. उंदीरसुद्धा एका कोपऱ्यात हिरमुसून बसलेले. सिद्धूनं मला काउंटरमागं ठेवलं, धुळाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालू केला आणि म्हणाला, “रेंज फुल्ल हाय बगा!” मी खरंच जोरात होतो. मोकळ्या गोदामात माझा आवाज, म्हणजे तुम्हाला ऐकू न येणारा आवाज, या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमत होता. धुळासमोर चिठ्ठी छापून आली तेव्हा त्यानं ती दोन्ही हातांनी धरली.

नानासोंनी गोदामातून इंद्रजितला व्हिडिओ कॉल लावला. “इंद्रजित, गोदामातनं बोलतोय. चेहरा साफ दिसतोय. ओव्हर.”

“आबा, ओव्हर म्हणावं लागत नाही यात,” तो हसून म्हणाला.

“शिस्त हाय ती. ओव्हर.”

समीक्षा मागं उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कधी विसरणार नाही. त्या दिवशी तिला वाटलं, खुर्ची आपलीच. मलाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी हरणाबाईंनी माझी पूजा केली. घरात नवं जनावर आलं की करतात तशी. माझ्या शिंगांना हळद लागली, जाळीतून कुंकू पोटात गेलं आणि नारळ फोडला तेव्हा त्याचं पाणी माझ्या अगदी जवळ उडालं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण एवढी किमतीची वस्तू उघड्यावर कशी ठेवायची म्हणून नानासोंनी मला लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. मी आतून जीव तोडून ओरडत होतो. पत्र्याच्या पलीकडं एक अक्षर जाईना.

समीक्षानं रेंज, लहरी वगैरे समजावून पाहिलं. नानासोंना काही पटेना. शेवटी ती म्हणाली, “मामा, बैल गोठ्यात कोंडून नांगरट होते का?”

नानासोंनी करदोड्याची किल्ली सोडली. ह्या सुनेला बोलायचं कसं ते कळतं, हे त्यांच्याही तेव्हा ध्यानात आलं असावं.

मग माझे बरे दिवस सुरू झाले. पासवर्ड म्हणून नानासोंनी त्यांच्या जुन्या म्हशीचं नाव ठेवलं, चंद्री. ही म्हैस इतकी नावाजलेली होती की तो पासवर्ड अख्ख्या गल्लीला न सांगता समजला. दुकानासमोरचा कट्टा भरून वाहू लागला. माणसं मोठी मजेशीर असतात. पाणी मागायला लाजतात, पण फुकटचं नेट हक्कानं घेतात, आणि ते जरा अडखळलं की मालकाला वर ऐकवतात. सगळ्यात जास्त मला राबवलं राजवर्धननं. हा नानासोंचा पुतण्या. दुकानात मदतीला म्हणून यायचा आणि पोत्यांवर आडवा होऊन बैलगाडा शर्यती बघायचा. एका शर्यतीतला बैल पळून पळून दमत नसे, पण मी दमत असे.

नानासोंना हे बहुतेक समजलं. “जनावराला बी दुपारी सावली लागती,” असं म्हणून जेवण झालं की ते माझं बटण बंद करत आणि स्वतःही आतल्या खोलीत पडत. उठल्यावर दोघंही चालू होत असू.

असे दसऱ्यापर्यंत दिवस गेले. मग दिवाळीचा माल आला. आमच्याकडं दिवाळी वसुबारसेला सुरू होते. त्या दिवशी गाय-वासराची पूजा, आणि त्या आठवड्यात जो तो आपल्या गुराला चार घास चांगले घालतो. पशुखाद्याच्या दुकानाचा तो वर्षातला मोठा दिवस. ट्रकमागून ट्रक आले. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा. धुळानं आणि हमालांनी थप्प्या लावायला सुरुवात केली. कंबरेइतकी, डोक्याइतकी, मग पार आढ्याला टेकेपर्यंत. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती पोती.

आणि माझा आवाज पोहोचेना. पोत्यापोत्यांत तो जिरून जायचा, पेंडीत पाणी जिरावं तसा. मी ताणून ओरडलो, चारही शिंगं थरथरली, पण थप्पीच्या पलीकडं धुळाचा कॉम्प्युटर ढिम्म. मला कारण माहीत होतं. अगदी पहिली थप्पी लागल्यापासून माहीत होतं. पण सांगू कसा? डोळा लाल केला, दुसरा मिचकावला. हरणाबाई म्हणाल्या, “आवं, त्येला दिष्ट लागलीया. डोळं कसं लाल झाल्यात बगा.” आणि माझ्या शिंगाला लिंबू-मिरची टांगली.

प्रत्येकाचं निदान वेगळं. नानासो म्हणाले, “बसून खाऊन माजलाय.” राजवर्धन म्हणाला, “काका, आठ शिंगांचा मिळतो आता. तो आणू.” आठ शिंगं! माझ्या मनाला किती लागलं असेल ते तुम्हीच समजा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. सिद्धूला फोन केला तर तो म्हणाला, बसवला तेव्हा फुल्ल होती, आता पुढच्या आठवड्यात बघतो.

गंमत अशी की माल खपला, थप्पी उतरली, की संध्याकाळी मी पुन्हा बोलू लागे. सगळे म्हणत, सुधारला. सकाळी नवा ट्रक यायचा आणि मी पुन्हा मुका. लोक मला लहरी म्हणू लागले. समीक्षा रोज माझ्या तारा काढून घालायची, मला बंद करून चालू करायची, शिंगं वळवायची. एकदा तिनं हळूच मला म्हटलं, “बाबा रे, का असं करतोस? माझं वाटोळं करशील.” त्या दिवशी मला तोंड नसल्याचं फार वाईट वाटलं.

मग तो बाजाराचा दिवस आला. धोंडुबाई म्हणून एक बाई आहेत. चार म्हशी, दूध घालतात, जिभेला धार. त्यांनी काउंटरवर पोत्यांचं बिल केलं आणि टेम्पो घेऊन मागच्या दाराला गेल्या. धुळाकडं चिठ्ठी आलेली नाही. चिठ्ठीशिवाय माल द्यायचा नाही, असा नानासोंचाच नवा हुकूम. त्या टेम्पोमागं आणखी टेम्पो लागले. धोंडुबाई पार रस्ता वळसा घालून पुन्हा पुढं आल्या.

“आवं नानासो, ह्यो काय खेळ लावलाय? तिकडं म्हसरं वराडत्यात, आन ह्यो तुमचा धुळा म्हनतो, मशीन बोलंना! आदी तुमी बोलत व्हता त्ये काय वाईट व्हतं?”

कट्ट्यावरची माणसं हसली. नानासोंना सगळ्यात लागतं ते असं हसणं. ते खिडकीशी गेले आणि कित्येक दिवसांनी ओरडले, “धुळाऽऽ! धोंडुबायस्नी पाच सरकी!” थप्पीपलीकडून काही उत्तर आलं नाही. पोत्यांनी त्यांचाही आवाज खाल्ला होता. पण रागाच्या भरात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नानासो वळून समीक्षाला म्हणाले, “वसुबारसंपतोर बघतो. तवर नीट न्हाई झालं, तर गल्ल्यावर राजवर्धन. मग माझ्याम्होरं काय बोलायचं न्हाई.”

वसुबारस तीन दिवसांवर होती. समीक्षा जेवली नाही, हे हरणाबाईंनी दुकानात येऊन नानासोंना सांगितलं. नानासोंनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षा गोदामात धुळाच्या टेबलाशी गेली. तिकडं कॉम्प्युटर बंदच, म्हणून तिनं मोबाईल काढला. माझी रेंज दांडीभर येत-जात होती. तेवढ्यात माझ्याच नेटवरून इंद्रजितचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा चेहरा अर्धवट दिसला आणि तोंड उघडं असतानाच गोठला. ती चिडून मोबाईल ठेवणार, इतक्यात धुळानं एका गिऱ्हाइकासाठी मधल्या थप्पीची वरची पोती उतरवायला घेतली. एक पोतं, दोन, तीन. आणि गोठलेला इंद्रजित एकदम हलला. “...म्हणून मी सांगतोय, जेवत जा,” असं त्याचं अर्धं वाक्य बाहेर पडलं.

समीक्षा मोबाईलकडं बघत राहिली. मग म्हणाली, “धुळाभाऊ, ती पोती परत वर ठेवा.”

“वैनी, आत्ताच तर उतरिवली!”

“ठेवा तर.”

धुळानं कुरकुरत पोती चढवली. इंद्रजित गोठला. “आता काढा.” काढली. इंद्रजित बोलू लागला. “ठेवा.” ठेवली. “काढा.” धुळाचा घाम निघाला. गिऱ्हाईक टेम्पोवर बसून तमाशा बघत होतं. “वैनी, यकदा ठरवा! ह्या मानसाला पेंड द्यायची हाय का न्हाई?” तिकडं इंद्रजित तुटक तुटक विचारत होता, “काय... चाललंय... कोण... काढतंय?”

समीक्षा हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “धुळाभाऊ, मशीन नीट आहे. पोती आडवी येतात!”

मी फळीवर बसून सगळे डोळे हिरवे केले. अखेर कुणाला तरी कळलं होतं.

पण कळून भागणार नव्हतं. धुळानं सुचवलं, थप्पीत मधून बोळ ठेवू. पण मग ट्रकभर माल मावत नाही आणि दहिवरात बाहेर भिजतो. वरून तार न्यावी तर भरलेला ट्रक आवारात वळताना ती तोडणार. राहिला एकच उपाय, सांगलीच्या दुकानदारानं पहिल्या दिवशी सांगितलेला. समीक्षानं तो नानासोंना सांगितला. वीतभर रुंदीची चर, त्यात पाईप, पाईपात केबल. उंदरांचं भय नाही, ट्रकचं नाही.

नानासो एवढंच म्हणाले, “कोबा सोडून बोल.”

त्या दुपारी नेहमीप्रमाणे जेवण झाल्यावर त्यांनी माझं बटण बंद केलं आणि ते आत जाऊन झोपले. बंद असताना माझी नजर फळीपलीकडं जात नाही, पण ऐकू येतं. पुढचं मी थोडं ऐकलं आणि बाकीचं धुळानं नंतर इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलं की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

समीक्षा ओढणी कमरेला बांधून आवारात आली. तिच्या हातात पहार होती. तिनं धुळाला दोरी धरायला सांगितली. धुळा हात जोडून म्हणाला, “वैनी, म्या ह्येला हात लावनार न्हाई. मला हितं नोकरी करायचीया.” आणि तो पाठ फिरवून उभा राहिला, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मी काही पाहिलं नाही म्हणता यावं. कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली. राजवर्धन पोत्यावरून खाली उतरला, तोही प्रथमच.

पहिला घाव पडला. ठण्ण! दुसरा पडला. कोबा पक्का होता, पण पोरगी त्याहून पक्की निघाली. हरणाबाई धावत आल्या, “आगं, काय हे! त्ये उठलं तर जीव घेतील!” समीक्षा थांबली नाही. “आत्या, तुम्ही आत जा. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून सांगा.” हरणाबाई आत गेल्या नाहीत. त्या तिथंच उभ्या राहून उडालेले तुकडे पदरात गोळा करू लागल्या.

नानासो उठले. दारात आले. आपला कोबा भेगाळलेला पाहिला. 

“कुनी सांगितलं तुला?”

“कुणी नाही, मामा. मीच ठरवलं.”

“राजवर्धनला बोलायचं व्हतंस.”

“तो तुम्हाला भितो.”

“आन तू?”

“मीबी भिते,” समीक्षा म्हणाली. ती धापा टाकत होती. “पण वसुबारस परवावर आली.”

 नानासो चपला घालून खाली आले, चरीच्या कडेला उकिडवे बसले, एक डोळा मिटून त्यांनी ती लांबवर न्याहाळली.

“लय वाकडी खनलीस,” ते म्हणाले. “आण ती पहार.”

आणि सिग्नल रेजिमेंटच्या त्या माणसानं आपलाच कोबा फोडायला घेतला. धुळाला दोरी धरायला लावली, राजवर्धनला घमेलं उचलायला. खोली किती, उतार कुठं, पाईपाला वळण कसं द्यायचं, त्यांना सगळं आठवत होतं. काम करता करता ते समीक्षाकडं न बघता म्हणाले, “गल्ल्यावर बसायचं म्हंजी मानसांचा राग सोसायचा. माझा सोसलास. आता बाकीच्यांचं काय घिऊन बसलीस?”

 समीक्षा पाईप धरून उभी राहिली.

संध्याकाळी कुणाला तरी माझं बटण चालू करायची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी सिद्धू आला, खाली मान घालून. त्यानं केबल ओढली आणि गोदामात भिंतीवर एक छोटा बिनशिंगी डबा बसवला. माझ्या पाठीच्या एका भोकातून निघालेली तार कोब्याखालून थेट त्याच्यापर्यंत जाते. थप्पी आढ्याला लागो नाहीतर छपराला, चिठ्ठी पोहोचते. माझ्या शिंगांना आता काउंटर आणि कट्टा एवढाच प्रांत उरला आहे. पहिल्यांदा मी खट्टू झालो. नंतर समजलं, त्या डब्याशिवाय माझं चालत नाही आणि माझ्याशिवाय त्याचं. आता आम्ही दिवसभर बोलत असतो.

वसुबारसेला दुकान भरून गेलं होतं. नानासो दारातल्या खाटेवर बसले होते. धोंडुबाई आल्या आणि थेट त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“मालक, जादा पोती घेतली तर काय कमी कराल?”

नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. “मला काय इचारता? मालकीण तकडं बसलीया.”

धोंडुबाईंनी वळून बघितलं. समीक्षा गल्ल्याच्या खुर्चीवर बसली होती. कमी काहीच केलं नाही तिनं. पण बिल होऊन धोंडुबाई मागच्या दाराशी पोहोचल्या तेव्हा त्यांची पोती टेम्पोत चढत होती, आणि त्यांना भांडायला जागाच उरली नाही.

आता माझं वय होत चाललं आहे. पेंडीची धूळ पोटात गेली आहे, एक शिंग ढिलं झालं आहे. तुमच्याकडं माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला कपाटात कोंडू नका, आणि त्याचा डोळा लाल झाला तर लिंबू बांधण्याआधी मध्ये काय आडवं आलंय ते बघा. नवा घ्यायला गेलात तर दुकानदार काय सांगतो ते ऐका, नुसती शिंगं मोजू नका. चार शिंगांच्या तोंडून हे ऐकायला कसंसंच वाटेल, पण खरं ते खरं.

कधी पलूसला आलात तर दुकानात या. आवारातून सिमेंटचा एक सरळ पट्टा गेलेला दिसेल, त्याचा रंग बाकीच्या कोब्याशी जुळत नाही. नानासो तो स्वतःहून दाखवतात. पेंडीचा भाव मात्र त्यांना विचारू नका, ते आत बोट दाखवतील.